हलकेराव

पुण्यात चाळिशीकडे झुकलेल्या पुरुषाला दोनपैकी एक गोष्ट होते. तो महागडी सायकल घेतो, नाहीतर डोंगरावर जायला लागतो. सायकलवाला निदान पहाटे रस्त्यावर दिसतो तरी. डोंगरवाल्यांत मात्र एक पोटजात अशी आहे, की तिचा डोंगराशी संबंध मुख्यतः घरी बसून येतो. हलकेराव या पोटजातीतले.

नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. जगातली कुठलीही वस्तू पुढे आली की हलकेरावांचा पहिला प्रश्न ठरलेला : "वजन किती?" किंमत किती, उपयोग काय, मुळात लागते का, हे प्रश्न त्यानंतर, आणि बहुतेकदा तिथवर गाडी पोचतच नाही. आमच्या एका मित्राला मुलगा झाला. त्याने फोनवर हरखून सांगितलं, "तीन किलो दोनशे!" पलीकडून हलकेरावांनी विचारलं, "दुपट्यासकट की दुपट्याशिवाय?"

या प्रश्नामागे अभ्यास होता. हलक्या तंबूंच्या धंद्यात प्रत्येक तंबूला दोन वजनं असतात. एक नुसतं छत, आतली जाळी आणि दांड्यांचं. दुसरं खुंट्या, दोऱ्या, पिशव्या असं सगळं धरून. जाहिरातीत पहिलं वजन मोठ्या अक्षरात छापतात आणि पाठीवर दुसरं येतं. हलकेरावांना हा प्रकार कळला त्या दिवसापासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला. तेव्हापासून बाळही सुटलं नाही.

मुळात तंबूचं खूळ शिरलं ते हरिश्चंद्रगडावर. कंपनीतल्या लोकांबरोबर ते प्रथमच मुक्कामी गेले होते. वर गावकऱ्यांचे भाड्याचे तंबू मिळतात, त्यातल्या चौघांच्या एका तंबूत त्यांची सोय झाली. उजवीकडचा घोरत होता. डावीकडचा दर तासाने उठून बाहेर जात होता आणि जाता-येताना हलकेरावांच्या पायावर पाय देत होता. चौथा जागा होता, आणि हीच खरी आपत्ती. कारण रात्री एकपर्यंत त्याने म्युच्युअल फंडातली गुंतवणूक कशी वाढते ते समजावून सांगितलं. सकाळी कोकणकड्यावर सगळे खालच्या दरीचे फोटो काढत असताना तांबारलेल्या डोळ्यांनी हलकेराव म्हणाले, "आता एकट्याचा तंबू."

इथवर ठीक होतं. असा निश्चय केलेला साधा माणूस दुकानात जातो, परवडेल तो तंबू उचलतो आणि पुढच्या शनिवारी त्यात झोपतो. पण हलकेरावांनी आधी एक तक्ता केला.

त्या तक्त्याबद्दल मी आदरानेच बोलेन. त्यात तंबूची नावं उभी आणि गुण आडवे होते. वजन, घडी केल्यावरची लांबी, आतली उंची, बसल्यावर डोकं लागतं का, दार कुठल्या बाजूला, दांड्या किती, कापड कुठलं, त्याचा डेनिअर किती, छत किती मिलिमीटर पाणी सोसतं, जमीन किती सोसते. शेवटचा रकाना 'दर ग्रॅमला पडणारा भाव' असा होता. तो काढला की असं दिसे, की तंबू जितका कमी मिळेल तितके पैसे जास्त द्यावे लागतात. हलकेरावांना यात काहीच वावगं वाटत नसे. "हलकेपणाचे पैसे असतात रे," असं ते म्हणत.

घरात वहिनींनी केकसाठी म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेतला होता. तो पंधरा दिवसांत हलकेरावांच्या टेबलावर गेला आणि केक बंद झाले. मग घरातल्या एकेका वस्तूचं वजन उघडकीला येऊ लागलं. टूथब्रशचा दांडा निम्मा कापला गेला. विजारींच्या आतल्या, धुण्याच्या सूचना लिहिलेल्या पट्ट्या उसवल्या गेल्या. आईंनी थालीपिठं बांधून दिली तेव्हा त्यांनी तीही काट्यावर ठेवली. आई म्हणाल्या, "तुझ्या लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं आम्ही." वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे वजन तेव्हाही विचारलं होतं, आई."

या सगळ्याला शास्त्राधार आहे, आणि तो हलकेरावांना तोंडपाठ आहे. रे जार्डीन नावाचा एक अमेरिकन गिर्यारोहक. कड्यांच्या भेगांत अडकवायचं 'फ्रेंड्स' नावाचं साधन त्यानेच शोधून काढलं. पुढे 1990 च्या दशकात त्याने पाठीवरचं ओझं निम्म्याने कमी करायचा पंथ काढला. अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सामान दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत आलं, की माणूस त्या पंथात 'अतिहलका' गणला जातो. जार्डीनचं म्हणणं असं की बरंचसं सामान आपलं आपण शिवावं. हे वाचून हलकेराव पॅराशूटचं कापड घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेले होते. टेलरने कापड चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं आणि विचारलं, "अस्तर लावायचं ना?" प्रकरण तिथेच मिटलं.

दुसरं दैवत एमा गेटवूड. ही बाई 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटी चालून गेली. तीन हजार किलोमीटरहून लांबची वाट. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि तंबू नाहीच. त्याऐवजी न्हाणीघरात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा. हलकेराव ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतात. एकदा माझ्यासमोरच सांगत होते. संपल्यावर वहिनी उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि आतून ओरडल्या, "अहो, आपला निळा नेता की पांढरा?"

हलकेरावांनी उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री पडद्याचं वजन झालं, असं मला नंतर कळलं. कड्या धरून ते जास्त भरलं.

कार्यांना त्यांना बोलावणं हा एक निराळाच विषय आहे. एका मुंजीत पंगतीला ते एका काकांशेजारी बसले होते. छताचं कापड किती पाणी सोसतं ते कसं मोजतात, हे काकांनी विचारलेलं नव्हतं. पण हलकेरावांनी कागदी रुमाल पेल्यावर ताणून धरला आणि वरून मठ्ठा ओतत म्हणाले, "समजा, या कापडावर मठ्ठ्याचा उभा खांब केला. खांब दीड मीटर उंच होईपर्यंत खाली थेंब आला नाही, तर कापड पंधराशे मिलिमीटरचं. छताला एवढं चालतं. जमिनीला जास्त लागतं, कारण आपण गुडघा टेकला की खालची ओल कापडातून दाबली जाऊन वर येते." रुमाल दीड सेंटिमीटरही टिकला नाही. काकांच्या उपरण्यावर मठ्ठा गेला. तरी सांगितलेलं सगळं अगदी बरोबर होतं, हे मला नमूद केलं पाहिजे. हलकेराव कधी चुकीचं बोलत नाहीत. हाच त्यांचा त्रास आहे.

येवल्याची हकीकत तर आमच्यात प्रसिद्धच आहे. वहिनींना पैठणी घ्यायची होती. साड्यांच्या दुकानात नवरे जसे बसतात तसे हलकेराव भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात विणकर कुणाशी तरी सुताबद्दल बोलताना 'डेनिअर' म्हणाला. हलकेराव ताडकन उठले. नऊ हजार मीटर सूत वजनाला जितके ग्रॅम भरतं तितका त्याचा डेनिअर, हे माप तंबूवाल्यांनी उचललं, पण ते मूळचं रेशमाचं. वीस-बावीस डेनिअरचं रेशीम हातमागवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातलं; आणि हलक्यातल्या हलक्या तंबूंचं कापडही वीस, पंधरा, दहा डेनिअरच्या सुताचं. पुढचा दीड तास हलकेराव आणि विणकर मागाजवळ बसून होते. विणकराने विचारलं, "साहेब लाइनमधलेच का?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना जाणकार समजलं होतं. त्या भरात त्यांनी भाव न करता पैठणी घेतली. वहिनींना अशी पैठणी परत कधी मिळेल असं वाटत नाही. तंबूच्या नादाबद्दल त्या फार तक्रार करत नाहीत त्यामागे हेही एक कारण असावं.

पुढे एक दिवस हलकेराव म्हणाले, "एकट्याचा नको, दोघांचा घ्यावा म्हणतो." वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चेहरा खुलला होता. "मीपण येऊ?" हलकेराव गडबडले. कंपन्या ज्याला एकट्याचा तंबू म्हणतात त्यात खरोखर एक माणूसच मावतो. सॅक, बूट, काठ्या बाहेर राहतात. म्हणून अनुभवी लोक सांगतात की तीन-चारशे ग्रॅम जास्त गेले तरी हरकत नाही, एकट्याने दोघांचा घ्यावा. हे सगळं त्यांनी वहिनींना नीट समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दुसरी जागा सॅकची," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी दोघांचे तंबू तक्त्यातून वगळले गेले.

दुकानांतही हलकेराव गेले नाहीत असं नाही. उपनगरातल्या एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात नमुन्याचा तंबू उभा करून ठेवलेला असतो. हलकेराव बूट काढून त्यात शिरले आणि आडवे झाले. उंची पाच फूट दहा इंच. झोपल्यावर पाय किंवा डोकं उतरत्या कापडाला लागतं का, हे बघणं खरंच महत्त्वाचं असतं. लागलं तर तिथलं दव पांघरुणात उतरतं. पण हलकेराव एकदा आडवे झाले की विचार करू लागतात. वीस मिनिटं झाली. तंबूभोवती लहान मुलं जमली. एकाने वडिलांना विचारलं, "हे पण विकायला आहेत?" विक्रेत्या पोराने दार उघडून आत डोकं घातलं आणि नम्रपणे म्हणाला, "सर, पॅक करू?" हलकेरावांनी त्याला आडव्यानेच विचारलं, "पिशवीसकट वजन सांगता येईल?"

तो तंबू घेतला असता तर ही हकीकत इथेच थांबली असती. दोन किलोंच्या आसपासचा, घुमटाचा, आपल्या दांड्यांवर आपण उभा राहणारा, आत जाळी आणि वर वेगळं छत असा दुहेरी तंबू. किंमत बेताची. नव्याने डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्याला सह्याद्रीत याहून जास्त काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं तर पुष्कळदा तेवढंही लागत नसे. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं, रतनगडावर गुहा, राजमाचीला उधेवाडीतल्या घरांच्या ओसऱ्या. पिढ्यान् पिढ्या भटक्यांच्या पथाऱ्या तिथे पडल्या. आमच्याआधीचे लोक एक सतरंजी आणि एक चादर घेऊन निम्मा सह्याद्री फिरले, आणि त्यांच्यापैकी एकालाही मी डेनिअर म्हणताना ऐकलेलं नाही. पण हे हलकेरावांना सांगायची सोय नाही. "ती पिढी कंबरदुखीने गेली," असं ते म्हणतात.

अखेर तंबू ठरला. अमेरिकेत असलेल्या मेहुण्याने येताना बॅगेत आणला. किंमत सांगू नये असं वहिनींच्या देखत ठरलेलं आहे, म्हणून सांगत नाही. एकेरी कापडाचा तंबू. त्याला दांड्याच नाहीत. चालायच्या काठ्या मध्ये उभ्या करायच्या आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणून खुंट्या ठोकायच्या. दांड्यांचं वजन वाचतं. बरोबर आलेल्या टायटॅनियमच्या खुंट्या म्हणजे टाचणीच्या थोरल्या बहिणी. हलकेरावांनी त्या तळहातावर घेतल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "जाणवतच नाहीत."

आता घरात उभा करून बघायचा होता. पण असा तंबू ताणल्याशिवाय उभा राहत नाही आणि फरशीत खुंटी जात नाही. म्हणून एक दोरी सोफ्याच्या पायाला, एक गॅसच्या सिलिंडरला, एक बेसिनच्या नळाला आणि चौथी आईंच्या आरामखुर्चीला बांधली. आई बसल्या की तंबू उठायचा आणि आई उठल्या की तंबू बसायचा. शेवटी आई म्हणाल्या, "मला देवळात जायचंय, तेवढा तुझा गड आवर."

मग गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की गच्चीवर रात्री कोणी राहू नये असा जुना ठराव आहे. हलकेराव म्हणाले, मी राहणार नाही, फक्त ताण बघणार आहे. प्रश्न कमिटीपुढे गेला. तंबू हे बांधकाम धरायचं का, यावर दोन मतं पडली. एक निवृत्त इंजिनिअर सभासद म्हणाले, पाया नाही म्हणजे बांधकाम नाही. दुसरे म्हणाले, छत आहे ना? मग उद्या पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू ठेवेल गच्चीवर. विषय पुढच्या वार्षिक सभेवर गेला आणि तिथे लिफ्टच्या दुरुस्तीत हरवला.

अशा रीतीने डिसेंबरात, एकदाही नीट उभा न केलेला तंबू घेऊन हलकेराव आमच्याबरोबर पुन्हा हरिश्चंद्रगडावर निघाले. आम्ही तिघे-चौघे जुने मित्र होतो. नारायणगावला मिसळ खाल्ली. हलकेरावांनी दोन प्लेटा खाल्ल्या. कोणीतरी सहज म्हणालं, हे वजन तक्त्यात धरायचं का? त्यावर उत्तर तयार होतं : अन्न-पाणी धरत नाहीत.

पायथ्याच्या पाचनई गावाहून कड्याच्या कडेकडेने, रेलिंग धरत वाट वर जाते. हलकेराव सगळ्यांच्या पुढे होते, हे कबूल केलं पाहिजे. सॅक खरोखरच हलकी होती. आम्ही तिसऱ्यांदा धापा टाकत बसलो तेव्हा ते उभ्यानेच, घामाचा थेंब न येता, आमच्या सॅकांकडे करुणेने पाहत होते. माणूस अगदीच चुकीचा नाही, असं मला त्या वाटेवर प्रथम वाटलं. ओझं कमी असलं की गुडघे वाचतात, वाट दिसते, पक्षीही ऐकू येतात. त्यांनी पक्षी ऐकले का, ते माहीत नाही. ते आपल्या गतीचा हिशेब करत होते.

गड साडेचार हजार फुटांहून उंच. वरचं पठार कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. कोकणकड्याजवळ सूर्य खाली उतरत होता, माणसं मोबाईल उंच धरून उभी होती, आणि हलकेराव ओणवे होऊन जमीन चाचपत होते. जमीन म्हणजे कातळ. सह्याद्रीच्या माथ्यावर दुसरं असणार काय? लाव्ह्याचे थर गोठून झालेला हा डोंगर. कित्येक ठिकाणी त्यावर माती असते ती फार तर बोटभर. पहिली खुंटी दगडाच्या दोन ठोक्यांत वाकली. दुसरीने तेवढीही वाट पाहिली नाही. जगातल्या हलक्या तंबूंचा अभ्यास झाला होता. खुंटी कशात ठोकायची हा रकाना मात्र तक्त्यात नव्हता.

इथे मामा आले. झाप टाकून चहा आणि पिठलं-भाकरी विकणारे पाचनईचे मामा. ते बराच वेळ शेजारी उकिडवे बसून पाहत होते.

"सायेब, खडकात खुटी नाय जायची."

"टायटॅनियम आहे मामा."

"आसंल. पर खडक काय मऊ हुतोय का?"

मामांनी एक काटकी घेतली, दोरीचा फास तिच्या मधोमध अडकवला, काटकी आडवी ठेवली आणि तिच्यावर मोठा धोंडा ठेवला. दोरी ताणली. हलली नाही. मग दुसरी, तिसरी. एकेक धोंडा पाच किलोंना कमी नव्हता. सहाव्या धोंड्याला तंबू कडक उभा राहिला. आमच्यातल्या एकाने हिशेब केला की तंबूचं एकूण वजन आता तीस किलोंच्या पुढे गेलंय. हलकेराव शांतपणे म्हणाले, "दगड इथलेच आहेत. वाहून आणावे लागत नाहीत. ते धरत नाहीत."

मामांना तंबूचं कौतुक वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण भाताच्या आवणीच्या दिवसांत त्या भागात बायका-पुरुष डोक्यापासून पाठीवर इरलं घेऊन पावसात दिवसभर वाकून काम करतात. बांबूच्या काड्या, वर झाडाची पानं. हल्ली प्लॅस्टिकचा कागद. खुंटी नाही, दोरी नाही, दोन्ही हात मोकळे. एका माणसापुरता निवारा म्हणून विचार केला तर याहून पुढे कोण गेलंय? हलकेरावांनी अर्थातच इरल्याचं वजन विचारलं. मामा म्हणाले, "कोन जोखतंय? जड आसतं तर बायांनी घेतलं आसतं व्हय?"

कड्याच्या धारेवर झोपू नका, रात्री वारा सुटला तर पंचाईत होईल, असं मामांनी बजावलं. तेव्हा सगळं धोंड्यांसह ओढ्याजवळच्या एका खोलगट जागेत हलवलं. आम्ही बाकीचे देवळाजवळच्या गुहेत पथारी टाकून झोपलो. गुहेत तीन अनोळखी माणसं घोरत होती आणि एकजण म्युच्युअल फंडावरच बोलत असावा असा मला भास झाला.

पहाटे हलकेरावांनी हाका मारून सगळ्यांना उठवलं. आम्हाला वाटलं, काही चावलं. धावत गेलो तर ते तंबूसमोर भिजलेल्या टोपीने उभे होते आणि त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, की येवल्यानंतर तसा मी पाहिला नव्हता.

"आत बघा!"

आत सगळं छत थेंबांनी भरलं होतं. माणूस रात्रभर श्वासातून वाफ सोडतो. बाहेरून कापड गार पडलं की ती आतल्या बाजूला पाणी होऊन बसते. दुहेरी तंबूत हे पाणी वरच्या छतावर राहतं आणि मधली जाळी माणसाला त्यापासून लांब ठेवते. एकेरीत मधे काहीच नाही. त्यात निरभ्र रात्र, वारा पडलेला, ओढ्याची ओल आणि थंड हवा साचणारी खोलगट जागा. दार थोडं उघडं ठेवायचं तर थंडीने तेही बंद केलेलं. पुस्तकात लिहिलेलं एकूण एक कारण त्यांनी एका रात्रीत जमवलं होतं. पांघरूण ओलं, मोजे ओले, केस ओले.

"मी म्हणालो नव्हतो?" ते म्हणाले. "एकेरी कापडाला दव धरतं! तक्त्यात आहे!"

मग सॅकच्या कप्प्यातून सामान तोलायचा हुकाचा काटा निघाला. ओला तंबू गुंडाळून त्याला लटकवला. कोरड्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. हलकेरावांनी आकडा वहीत टिपला. त्या काट्याचं वजन वहीत होतं का, हे आम्ही विचारलं नाही. मामा चहा घेऊन आले होते.

माझा अंदाज होता की या रात्रीनंतर हलकेराव एकतर डोंगर सोडतील नाहीतर तंबू. दोन्ही झालं नाही. त्यांनी तो तंबू एका ओळखीच्या मुलाला निम्म्या किमतीत दिला आणि दुहेरी, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा दुसरा घेतला. तो आधीच्यापेक्षा चारशे ग्रॅम जड निघाला, म्हणून तोही विकायचा विचार चालू आहे. मधे एकदा पॉलिस्टर की नायलॉन या प्रश्नावर अडकले होते. नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, पॉलिस्टरचं तसं फारसं होत नाही. हेही त्यांचं खरं आहे. तक्त्यात आता 'खुंटी कशात' असा रकाना आलाय, आणि त्यात कातळ, मुरूम, भाताचं खाचर आणि सोसायटीची गच्ची अशा चार नोंदी आहेत. वहिनींना काटा परत मिळालाय. केकही पुन्हा सुरू झालेत. फक्त वाढताना तुकड्याचं वजन सांगितलं जातं.

तेव्हा वाचकहो, डोंगरात एकट्याने मुक्काम करायची हुक्की आली असेल तर एवढ्यात दुकानात जाऊ नका. पहिल्या एक-दोन वेळा वर गावकऱ्यांकडून भाड्याचा तंबू घ्या. त्यांचे चार पैसे होतील आणि आपल्याला तंबूत झोप लागते की नाही तेही कळेल. त्यानंतरही हौस उरलीच, तर आपल्या ओळखीत एखादे हलकेराव आहेत का ते पाहा. प्रत्येक सोसायटीत निदान एक निघतो. त्यांच्याकडे जवळजवळ नवा, फार तर दोन रात्री वापरलेला, उत्तम निवडलेला तंबू विकायला असतोच, आणि तो निम्म्या किमतीत मिळतो. घेताना वजन विचारू नका. विचारलंत तर तासभर मोडेल.